बायकोच्या कोपऱ्यात टॉवेल नव्हता

मी लॉन्ड्रीवाला माणूस. कपड्यावरचा डाग बघून तो चहाचा, शाईचा की रक्ताचा हे मी दुकानाच्या दारातून सांगतो, पण बॉक्सिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी माझं अर्धं आयुष्य त्या रिंगणाशेजारी गेलं, कारण बायको घरात आली ती रिंगणाचा एक कोपरा सोबत घेऊनच. दोन फेऱ्यांच्या मधे बॉक्सर ज्या कोपऱ्यात येऊन स्टुलावर बसतो, त्याला पाणी पाजतात, तोंड पुसतात, कानात ओरडतात, तो कोपरा. तिथं माझी बायको उभी असायची. आणि स्टुलावर तिचा धाकटा भाऊ.

सगळं गाव तिला ताई म्हणतं. रेफ्री ताई म्हणतो, तिकिटं फाडणारा ताई म्हणतो. एकदा घाईत मीही म्हणून बसलो, तर आठवडाभर मला माझी इस्त्री स्वतः करावी लागली. तेव्हापासून कानाला खडा.

भावाला घरात बारक्या म्हणतात. लहानपणी काडीसारखा होता म्हणून. पुढं दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायला लागली, तरी हिनं नाव बदललं नाही. आई गेली तेव्हा तो धड चालतही नव्हता, हिनंच कडेवर घेऊन वाढवला. मोठा झाल्यावर रोज कुणाचं तरी नाक फोडून यायचा. एक दिवस हिनं त्याचा कान धरला आणि थेट बॉक्सिंगच्या व्यायामशाळेत नेऊन उभा केला. "मारामारीच करायचीय ना? मग वेळेवर येऊन, शिस्तीत कर." तो पळून जाईल म्हणून ही रोज बाकावर शिवण घेऊन बसायची. कपड्यांची शिवण उसवत-घालत बसता बसता पायाची ठेवण कुठं चुकते, खांदा कधी उघडा पडतो, हे सगळं शिकली. पुढं म्हातारे कोच थकले, तेव्हा त्यांनी कोपरा हिच्या हातात दिला. दुसऱ्या कुणाचं बारक्या ऐकतच नव्हता, हे खरं कारण.

या कोचविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेही त्यांच्या काळचे चॅम्पियन. वर्षानुवर्षं जिंकत आले, आणि शेवटच्या सामन्यात पडले. पेपरात फोटो आला तो पाठीवर पडलेला, हात पसरलेले, तोंड उघडं. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं 'आडवा'. पोरांना शिकवायला लागले तर 'आडवा मास्तर'. भाजी आणायला गेले तर "आडवा आला". गेले, तेव्हा त्यांना पोचवायला आलेल्या गर्दीतसुद्धा माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "आडवा गेला बिचारा." इतकी वर्षं जिंकलेलं कुणाच्या ध्यानात नव्हतं. बारक्यानं ते ऐकलं. मी त्याचा चेहरा बघितला, आणि मला त्या बोलणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

आता टॉवेलचं. बॉक्सिंगमधे कोपऱ्यातल्या माणसानं रिंगणात टॉवेल फेकला, की आमचा माणूस हरला, सामना थांबवा, असा अर्थ होतो. आमच्याच व्यायामशाळेतल्या एका पोराच्या सामन्यात कोपऱ्यातल्या बावळटानं टॉवेल खांद्यावर टाकताना झटकला आणि तो उडून रिंगणात पडला. पोरगा जिंकत होता. रेफ्रीनं तिथल्या तिथं सामना थांबवला. तेव्हापासून हिनं नियमच केला, आपल्या कोपऱ्यात टॉवेल न्यायचाच नाही. तोंड पुसायला माझ्या दुकानातले छोटे निळे नॅपकिन. आणि प्रत्येक सामन्याआधी रेफ्रीजवळ जाऊन ठरलेलं वाक्य म्हणायची, "मास्तर, आमच्या कोपऱ्यातून काही आत पडलं, तर ते पडलेलं समजा. टाकलेलं नाही." रेफ्री दिवसा शाळेत कवायत शिकवायचे. ते हसून मान डोलवायचे. एक-दोनदा नॅपकिन खरंच पडला, त्यांनी बुटानं बाहेर सारला. बात खतम.

बारक्या कधीच हरला नाही. व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याचं नाव रंगवलं होतं, खाली विजयांचा आकडा, त्याच्या खाली 'पराभव' आणि पुढं हे एवढं मोठं शून्य. आकडा बदलायला दर वेळी पेंटर यायचा. शून्याला हात लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

शेवटचा सामना ठरला. हा जिंकायचा आणि ग्लोव्हज खुंटीला टांगायचे, असं बारक्यानं जाहीर केलं. समोर एक तरणाताठा पोरगा, डावखुरा. त्याचा जोर डाव्या हातात, म्हणजे बारक्याच्या उजव्या अंगाला येणार. हिनं बारक्यासाठी नवा सॅटिनचा झगा शिवला, रिंगणात येताना घालतात तसा. पाठीवर स्वतःच्या हातानं अक्षरं भरली, 'अजिंक्य'.

एका दुपारी पेपरचा एक वार्ताहर दुकानात आला. म्हणे शर्ट धुवायचाय. शर्ट काउंटरवर टाकला आणि मागं घड्या घालत असलेल्या बारक्याला विचारलं, "समजा, हरलात तर? लोकांच्या लक्षात काय राहील?"

बारक्याचे हात थांबले. ही इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली, "तुमच्या लक्षात राहील ते तुम्ही छापालच. कॉलर मळलीय, जास्त पैसे पडतील." तो गेला, पण प्रश्न तिथंच ठेवून गेला.

वातावरण हलकं करावं म्हणून की काय, हिनं एक ओला नॅपकिन बारक्याच्या अंगावर भिरकावला. हा त्यांचा लहानपणापासूनचा खेळ. कुठूनही फेकला तरी तो न बघता झेलायचा. त्या दिवशी नॅपकिन उजवीकडून आला आणि सटकन त्याच्या कानावर बसला. तो दचकला. बघू लागला कुठून आला.

ही इस्त्री उभी करून ठेवत म्हणाली, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बारक्या."

त्यानं नॅपकिन जमिनीवरून उचलला, चार-चारदा पिळला. "मागच्या सामन्यापासून. उजव्या कडेला काळं येतं. पडदा ओढल्यासारखं. कधी ठिणग्या दिसतात."

मी ओरडलो, "अरे मग डॉक्टरकडे जायचं सोडून घड्या काय घालतोयस? डोळा आहे तो, बटण नाही, तुटलं तर नवं लावायला! सामना रद्द करा!"

"रद्द केला तर काय म्हणतील, भाऊजी? पोरग्याला घाबरला म्हणतील. सामन्याआधी तपासणीत समोरची अक्षरं वाचायला सांगतात, समोरचं मला दिसतं. एवढा एक सामना. दुसऱ्या दिवशी डॉक्टर." मग बहिणीकडे वळून, अगदी लहान पोरासारखा म्हणाला, "ताई, मला आडवा नाही व्हायचं."

मला वाटलं ही आता त्याला फाडून खाईल. हिच्या नाकावर राग असतो, मी रोज बघतो. पण हिनं त्याच्या हातातला नॅपकिन घेतला आणि त्याची घडी घालायला लागली. बारक्यानं तरी दुसरं काय कमावलं होतं? घर नाही, बायको-पोरं नाहीत. एक नाव होतं, आणि ते हिनंच त्याला कमवायला लावलं होतं.

"तुला कुणी आडवं बघणार नाही," ही शेवटी म्हणाली. "हा माझा शब्द. पण मी म्हणेन तेव्हा थांबायचं."

बारक्या हसला. "तू कशी थांबवणार? तुझ्याकडं टॉवेलच नसतो."

सामन्याच्या संध्याकाळी हॉल खचाखच भरला होता. मी नेहमीसारखा कोपऱ्यामागच्या खुर्चीत, पायाशी बादली, मांडीवर नॅपकिनचा गठ्ठा. बारक्यानं झगा उतरवून माझ्याकडं दिला. ही रेफ्रींकडे गेली, आणि इतक्या वर्षांची सवय, तेच वाक्य म्हणून आली. "मास्तर, आमच्या कोपऱ्यातून काही आत पडलं, तर पडलेलं समजा. टाकलेलं नाही." त्यांनी नेहमीसारखी मान डोलवली. मलाही काही वाटलं नाही. सवयीच्या गोष्टीचं कुणाला काय वाटतं?

पहिल्या फेऱ्या बारक्याच्याच. काय खेळला! स्वतः मधोमध उभा राहून त्या पोराला आपल्या डावीकडे ठेवत होता, गोल फिरवत होता. लोक नाचत होते. मीसुद्धा खुर्चीवर उभा राहून ओरडलो, मागच्यानं सदरा ओढून खाली बसवलं. मग मधेच कुठंतरी एक डावा ठोसा बारक्याच्या उजव्या भुवईखाली बसला. साधाच होता. पण बारक्याचं डोकं वळलं ते उशिरा, आणि त्या पोराच्या डोळ्यांत मला काहीतरी हललेलं दिसलं. त्याला कळलं होतं. पुढच्या फेरीत तो सारखा बारक्याच्या उजवीकडेच सरकायला लागला.

मधल्या सुटीत बारक्या स्टुलावर बसला. हिनं त्याच्या डोळ्याला बर्फ लावला, व्हॅसलीन फासलं. मग त्याच्या उजव्या बाजूला हात धरला. "किती बोटं?"

"दोन."

हिनं मूठ धरली होती.

"बास झालं," ही म्हणाली.

"ताई, एकच फेरी राहिलीय." तो धापा टाकत होता. "पुढं आहे मी. गुणांवर पुढं आहे. नुसता उभा राहिलो तरी जिंकतो. माझी शपथ आहे तुला. नुसता उभा राहतो."

मला म्हणायचं होतं, थांबव. आणि मला हेही म्हणायचं होतं, सोड त्याला, एवढीशी तर फेरी आहे. मी नुसता झगा कवटाळून धरला. हिनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि स्टूल ओढून घेतलं. घंटा झाली.

ती फेरी मी अजून झोपेत बघतो. पोरगा उजव्या अंगाला गेला आणि मारलं. पुन्हा गेला, पुन्हा मारलं. बारक्या पडत नव्हता. पाय रोवून उभा होता, सांगितल्यासारखा. लोक त्याचं नाव घेऊन टाळ्यांचा ठेका धरत होते, त्यांना वाटत होतं चॅम्पियन सोसतोय, वेळ काढतोय. फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, तो काय करत होता. तो शोधत होता. पोरगा एकीकडे आणि बारक्या दुसरीकडे तोंड करून, जिथं कुणीच नाही तिथं हात उगारून उभा होता.

हिनं नॅपकिन फेकला.

निळा नॅपकिन रेफ्रींच्या पायाशी पडला. त्यांनी खाली बघितलं, हिच्याकडं बघून समजूतदारपणे मान हलवली, आणि बुटानं नॅपकिन बाहेर सारला.

"मास्तर! थांबवा! टाकलाय मी, टाकलाय!" ही जिवाच्या आकांतानं ओरडत होती. त्या गोंगाटात मला जेमतेम ऐकू आलं, त्यांना कुठून येणार? हिनं दुसरा फेकला. तो दोरालाच अडकून लोंबकळत राहिला. पायऱ्या चढून दोरांतून आत शिरेपर्यंत उशीर झाला असता. तेवढ्यात आणखी एक ठोसा. बारक्याचं डोकं हललं आणि तो पुन्हा भलतीकडेच वळला.

ही गर्रकन मागं फिरली आणि माझ्या हातातला झगा धरला. मी तो छातीशी घट्ट कवटाळून बसलो होतो. ती ओढतेय आणि मी सोडत नाहीये.

"सोडा हो!" ही किंचाळली.

मी सोडला. झगा दोरांवरून आत गेला आणि रेफ्री आणि त्या पोराच्या मधे जाऊन पडला, पालथा. लाल सॅटिन, त्यावर हिच्या हातची पिवळी अक्षरं. 'अजिंक्य'. कुणाचाच कोपरा असली वस्तू चुकून पाडत नाही. रेफ्रींनी झग्याकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं. या वेळी त्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले.

हॉल असा चिडीचूप झाला की दोराला अडकलेल्या नॅपकिनमधून ठिबकणारं पाणी मला ऐकू आलं. मग जो गदारोळ उठला! बारक्या उभाच होता. "काय झालं?" तो विचारत होता. "घंटा झाली का?" कुणीतरी त्याला सांगितलं. त्यानं बहिणीच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं आणि म्हणाला, "जिंकत होतो ना मी, ताई." बस, एवढंच. त्यानंतर तो हिच्याशी बोलला नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन केलं. म्हणाले, आणखी एखादा ठोसा बसला असता तर काही हातात राहिलं नसतं. आता दिसेल की नाही, ते पट्टी निघून डोळा स्थिरावल्यावरच कळेल. बारक्यानं ऐकून घेतलं. तो घरी आला नाही. व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत जाऊन राहिला. ही जेवण पाठवायची, रिकामी भांडी परत यायची. निरोप काही नाही.

आणि गाव? गावानं आपल्या चॅम्पियनला वाचवलं. कसं म्हणाल, तर सगळं हिच्या माथी मारून. "तो कुठं हरलाय? बहिणीनं घालवलं." "गुणांवर पुढं होता, बाईचं काळीज, घाबरली." पेपरात फोटो आला, त्यात बारक्या ताठ उभा, आणि खाली झगा. वार्ताहरानं लिहिलं, 'तो उभाच होता.' माझ्या शटरवर कुणीतरी खडूनं लिहिलं, 'इथे किताब धुऊन मिळतात.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओलं फडकं घेऊन पुसायला निघालो, तर ही म्हणाली, "राहू द्या."

"राहू द्या काय? तू सांग ना लोकांना डोळ्याचं! सांग की तो आंधळा होऊन मार खात होता!"

"आणि मग ते काय म्हणतील? आंधळा झाला म्हणून हरला म्हणतील. आता म्हणताहेत हरलाच नाही. म्हणू द्या." ती कॉलरवर पाणी शिंपडत होती. "मला काय, मला कुठं भिंतीवर नाव लावायचंय?" गिऱ्हाइकांनी तोंडावर विचारलं, तरी सांगायची, "हो, घाबरले मी. माझंच चुकलं." खोटं बोलताना हिचा आवाज किती साधा येतो, ते मला तेव्हा समजलं. रात्री उशी भिजायची ते वेगळं.

काही आठवड्यांनी व्यायामशाळेला बारक्याचं नाव द्यायचं ठरलं. भिंत नव्यानं रंगवायला पेंटर आला. त्या सकाळी आम्ही दोघं धुतलेले कपडे पोचवायला गेलो होतो. व्यायामशाळेचे सेक्रेटरी पेंटरला सांगत होते, "शून्य तसंच ठेव. तो पराभव आम्ही धरत नाही. ताईसुद्धा म्हणाल्या, त्यांच्या नावावर घाला."

मागच्या खोलीचं दार उघडलं. बारक्या बाहेर आला. पट्टी निघालेली, डोळा अजून लालसर. "ताई म्हणाली?"

हिनं गठ्ठा बाकावर ठेवला. "हो, म्हणाले. तुझं नाव स्वच्छ आहे, ते तसंच राहू दे. हार माझी आहे."

"तुझी?" त्याचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो हिच्याशी बोलत होता, आणि तोही भांडतच. "ठोसे तू खाल्लेस? उजवीकडचं तुला दिसत नव्हतं? हे लपवून रिंगणात तू उतरलीस? मी उतरलो! त्या पोरानं मला हरवलं, नीट, कष्टानं हरवलं. त्याचा विजय तुम्ही माझ्या बहिणीच्या पदरात काय म्हणून घालताय? माझी हार आहे ती. माझी मला द्या." मग पेंटरकडे वळला. "एक लिही."

पेंटर सेक्रेटरींच्या तोंडाकडं बघत राहिला. "अरे, लिही म्हणतो ना!"

पेंटरनं शून्यावर पांढरा फासला. तो वाळू दिला. मग ब्रश काळ्यात बुडवून, सेक्रेटरींकडं वळून वळून बघत त्यानं एक काढला.

बारक्या चार पावलं मागं गेला आणि भिंतीसमोर उभा राहिला. डावा डोळा, चांगला डोळा, त्यानं तळहातानं झाकला. मला आधी कळलं नाही तो काय करतोय. हिला कळलं. हिनं माझं मनगट असं घट्ट धरलं की बोटं उमटली.

"बारक्या," ही म्हणाली. "काय लिहिलंय?"

तो बघत राहिला. डोळ्यातून पाणी गळत होतं, तो पुसत नव्हता.

"एक," तो म्हणाला. "पण वाकडा काढलाय, ताई."

ही मटकन भिंतीशी ठेवलेल्या कोपऱ्याच्या त्या स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत हिला मी स्टुलावर बसलेली कधी बघितली नव्हती, ती कायम उभी असायची. बारक्या तिच्या पायाशी बसला आणि दोघं लहान पोरांसारखी रडायला लागली. पेंटर मात्र पुटपुटत होता की त्यानं सरळच काढलाय. मी जवळ जाऊन नीट बघितलं. एक खरंच वाकडा होता.